बाबांसाठी बोलतं यंत्र

प्रिय ताई, तुला आणि बाबांना नमस्कार.

माझं बरं चाललंय. इथे कामावर आजींना उचलून कंबर धरते आणि झोप पुरत नाही, एवढंच. बाबांचा खोकला थांबला का?

बोलण्यावर चालणारं ते यंत्र बाबांसाठी घ्यावं का, असं विचारलंस. मी ज्यांना सांभाळते त्या आजींकडे ते आहे. एरवी त्याचा वैतागच असतो. आजी दिवा लावायला सांगतात आणि ते बातम्या लावतं. पण परवा मी खाली कपडे वाळत घालत असताना आजी न्हाणीघरात पडल्या. त्यांनी त्याला हाक मारली आणि त्याने मला फोन लावला. मी धावत वर गेले. आजी म्हणाल्या, "ऐकलं गं त्यानं, पण उचलायला तूच लागतेस."

तेव्हा घे, कामाचं आहे. धास्ती एकाच गोष्टीची वाटते, की त्याला हाक मारावी लागते. बाबा जिन्यावरून पडले होते तेव्हा पाय मोडलेला असूनही आपण घरी येईपर्यंत गप्प बसून राहिले. "कशाला उगीच कुणाला त्रास," म्हणाले.

यंत्र येईपर्यंत त्यांना रोज तुला हाक मारायला लाव. नुसत्या पाण्यासाठी का होईना.

तुझी,
धाकटी