प्लेट धुतात, डिश खातात

सौ. विहीणबाईंना,

मनापासून नमस्कार. (अक्षर वाकडं आलं तर रागावू नका, चष्म्याची एक काडी तुटली आहे आणि तो मी डाव्या हाताने धरून लिहितो आहे.) तुमचा गुडघा काय म्हणतो? व्याह्यांचा खोकला थांबला, की अजून औषध खिडकीतून ओतणं चालूच आहे? आमच्याकडे सगळे खुशाल. चिरंजीव ट्रक घेऊन चार दिवस बाहेरगावी आहेत, त्यामुळे घरात शांतता आहे.

तुमची लेक दोन वर्षं त्या रेस्टॉरंटच्या मागच्या खोलीत भांडी घासते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. साबणाच्या पाण्याने तिच्या बोटांना भेगा पडल्यात. (मलम मी आणतो, लावायला ती विसरते.) गेल्या महिन्यात पुढे हॉलमध्ये गिऱ्हाइकांना वाढायची एक जागा निघाली. अट एकच, मॅनेजर इंग्रजीतून तोंडी परीक्षा घेणार. नापास झाली तर जागा बाहेरच्या कुणाला, आणि हिचे हात पुन्हा पाण्यात. आता एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलेला निवृत्त मास्तर घरात असताना काळजी कसली? (हे मीच म्हणालो. तिने नुसती मान हलवली.)

मी शंभर पानी वही आणली. एकशे बारा शब्द काढले आणि प्रत्येकापुढे व्याख्या लिहिली, लाल शाईने. ज्या शब्दांत माणसं हमखास गफलत करतात त्यांच्या जोड्या लावल्या: कुक आणि शेफ, प्लेट आणि डिश, बिल आणि रिसीट, नॅपकिन आणि टिश्यू. ती बिचारी कामावरून आली की पदर खोचून पाठ म्हणायला बसायची आणि रोज जोड्या उलट्यापालट्या करायची. आठव्या दिवशी माझा पारा चढला. म्हटलं, अगं, प्लेट आणि डिश यांतला फरक कळायला असं लागतं तरी काय? तर म्हणाली, "बाबा, प्लेट आम्ही धुतो, डिश लोक खातात." विहीणबाई, मी गुपचूप वहीत बघितलं. माझी व्याख्या साडेचार ओळींची होती.

मग तिने वही बाजूला सारली आणि धडाधड सांगतच सुटली. स्टार्टरची ताटली लहान आणि कडेला सॉस वाळलेला. मेन कोर्सची मोठी आणि हाडं मधोमध. डेझर्टची वाटी जवळजवळ स्वच्छच येते. (लोक चाटतात असा तिचा संशय आहे.) नॅपकिन धुवायला येतो, टिश्यू कचऱ्यात जातो. कुक आपली कढई स्वतः आणून ठेवतो, शेफ नुसती हाक मारतो. बिल गेलं की टेबल गप्प होतं, रिसीट गेली की खुर्च्या सरकतात आणि भांड्यांचा ढीग मागे येतो. तिला सगळं येत होतं हो! माझ्या व्याख्याच तेवढ्या आड येत होत्या.

परीक्षा गुरुवारी दुपारी झाली. मी सोबत गेलो. (मला कुणी बोलावलं नव्हतं.) हॉल रिकामा होता, म्हणून मॅनेजरने मलाच गिऱ्हाईक करून बसवलं आणि तिला सांगितलं, यांची ऑर्डर घे, इंग्रजीत. मी ऐटीत मेनू उघडला. रोस्टेड चिकन, ग्रिल्ड चिकन, बेक्ड चिकन. तिन्ही म्हणजे भाजलेलं, असंच मी जन्मभर फळ्यावर लिहीत आलो. मग तीन ओळी कशाला? एकतीस वर्षांचं इंग्रजी कुठे गेलं कोण जाणे, तोंडातून एवढंच निघालं, "सेम, सेम." मॅनेजर हसला. ती नाही हसली. माझ्याकडे वाकून तिने सोप्या, सावकाश इंग्रजीत समजावलं, की ग्रिल्डवर काळे पट्टे असतात (ती जाळी घासायला तिला अर्धा तास लागतो), रोस्टेड भट्टीतून मोठ्या ट्रेमध्ये अख्खं येतं, आणि बेक्ड आपल्याच भांड्यात येतं आणि तळाला चिकटतं. कुठे अडखळली नाही. मॅनेजरने विचारलं, इंग्रजी कुठे शिकलीस? तिने माझ्याकडे हात केला, "माय टीचर." मी मेनूने तोंड झाकलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, तुमच्यापासून काय लपवायचं. एक तारखेपासून ती हॉलमध्ये आहे.

फार गुणी लेक दिलीत आम्हाला. व्याह्यांना नमस्कार सांगा आणि खिडकीला कुलूप लावा.

तुमचा व्याही,
मास्तर

ता. क. ती फोनवर तुम्हाला सांगेल, बाबांनी शिकवलं म्हणून पास झाले. विश्वास ठेवू नका. शेजाऱ्यांना सांगायला मात्र हरकत नाही.

आणखी ता. क. ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते राहिलंच. तिची मागच्या खोलीतली जागा रिकामी झाली आहे. रोज दोन तासांसाठी मी माझं नाव देऊन आलो. वर्षभर भांडी घासली तर ते एकशे बारा शब्द मलाही येतील. पण ती ऐकायलाच तयार नाही. म्हणते, लोक काय म्हणतील, शिवाय तुम्हाला जमणार नाही. तुमचा शब्द ती मोडत नाही. लग्न ठरवायला आलो तेव्हा तुम्ही मला म्हणाला होतात, "पोरीचं इंग्रजी कच्चं आहे, पण कष्टाला मागे हटणार नाही." तेवढंच तिला माझ्याबद्दल सांगा.