बार्कलीवरचं झाड

कॅमूवील, पाणवठ्याकाठी
१२ सप्टेंबर

प्रिय डंकन,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून दचकू नकोस. मी जिवंत आहे, कॅरव्हॅनची चाकं जागच्या जागी आहेत आणि इंटरनेटसुद्धा उत्तम चालू आहे. तरीही कागद घेतला, कारण जे लिहायचंय ते पडद्यावर तुझा चेहरा समोर असताना माझ्या तोंडून निघत नाही. शिवाय तू माझ्याकडे अहवाल मागितला होतास, आणि अहवाल तोंडी देऊ नये असं आमच्या विभागात मानत असत. (विभाग बंद पडला तो वेगळ्या कारणाने. शेवटच्या वर्षी संस्कृतला तीनच विद्यार्थी उरले होते, आणि त्यातला एक योगासनांचा वर्ग समजून आलेला. बिचारा भिडेखातर वर्षभर बसून राहिला.)

तर विषय: आमच्यासारख्या फिरस्त्यांना उपग्रहाच्या इंटरनेटवर कितपत भरवसा ठेवता येतो. टॅमसिनची अट मला पाठ आहे. बाबांच्या छातीत बसवलेलं यंत्र रोज सकाळी हॉस्पिटलला खबर पाठवतं, ती एक दिवसही चुकता कामा नये. तेव्हा ब्रॉन्विनकडचं, म्हणजे माझं, कनेक्शन आधी नव्वद दिवस न तुटता चालू दे, मग बाबांनी कॅरव्हॅन जोडायची की नाही ते बघू. मुलगी तुझीच. एक टायर घ्यायचा तर तू तीन दिवस माहितीपत्रकं वाचायचास. तेव्हा रागवायला मला जागा नव्हती, मुकाट्याने रोजच्या नोंदींची वही सुरू केली.

प्रत्यक्ष प्रमाणाने सांगते, यंत्र चोख आहे. डिशला मोकळं आकाश दिलं की ती आपलं काम करते. माउंट आयझापासून जवळजवळ दोनशे किलोमीटरवर, जिथे पेट्रोलही विचारून विचारून मिळतं, तिथे तू बलारातच्या स्वयंपाकघरात टोस्ट जाळतोस तो धूर मला स्पष्ट दिसतो. वादळी पाऊस आला तर मिनिट-दोन मिनिटं चित्र अडखळतं. गलाह पक्षी डिशवर बसून सभा भरवतात, पण त्यांचे ठराव लवकर होतात. खरा शत्रू एकच, झाड. एक फांदी आडवी आली की बोलणं तुटक तुटक होतं. आणि आपल्या लोकांना तर कॅरव्हॅन लावायला झाडच हवं! म्हणून मंडळी स्वतः सावलीत बसतात आणि डिशला लांब वायर लावून उन्हात सोडतात, बकरी चरायला सोडावी तशी.

यातून काय होतं ते मर्व्हने दाखवलं. मर्व्ह आणि ग्लेनिस म्हणजे माझे सध्याचे शेजारी, पंचाहत्तरीचे, बेचाळीस वर्षं भांडून एकमेकांना घासूनपुसून गुळगुळीत केलेले. परवाच्या मंगळवारी मर्व्ह वायर न सोडवताच निघाला. डिश मागून फरफटत चाललेली. गाड्यागाड्यांत बोलायचा रेडिओ असतो ना, त्यावर कोणीतरी ओरडलं, "ए पांढऱ्या कॅरव्हॅनवाल्या, थांब की! तुझं काहीतरी मागून घासत येतंय!" मर्व्ह शांतपणे म्हणाला, "ग्लेनिस असेल, आज सकाळपासून मागेच लागलीये." त्यावर शेजारच्या सीटवरून ग्लेनिस कडाडली, "रेडिओचं बटण दाबलेलंच आहे रे, सगळा हायवे ऐकतोय तुझे पराक्रम!" डिश मेली. मर्व्हने तिला कचऱ्याच्या पिंपाशी नेऊन टोपी काढली. आता दोघं परत इथेच थांबलीयेत आणि बातम्या बघायला माझ्याकडे येतात.

माझी डिश मी कधी सोडली नाही, कारण मी सावलीतच बसले नाही. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तीन महिने जिथे जाईन तिथे मैदानाच्या मधोमध, एकही फांदी जवळ नाही अशी जागा धरते. पत्र्याखाली दुपारी चाळीस अंश होतात, लोणी चमच्याऐवजी कपाने घ्यावं लागतं. पाच वाजता सगळे आपापली खुर्ची आणि आपापली बाटली घेऊन कुलीबाच्या झाडाच्या सावलीत जमतात, आणि मी आत तुझ्याशी बोलत असते. मर्व्ह मला सरडीण म्हणतो. "अगं सरडीणबाई, नदीकाठी एवढी झाडं उभी आहेत, ती काय भाड्याने आहेत?" मी सांगितलं, अहवालासाठी करते. ग्लेनिस म्हणाली, "हो तर. त्या अहवालाचे डोळे निळे आहेत का गं?" मी शास्त्रार्थ करून वेळ मारून नेली. खरं इतकंच की पाचाच्या त्या अर्ध्या तासासाठी मी उरलेले साडेतेवीस तास भाजून घेते. दोन वर्षांपूर्वी क्लॉनकरीला आपल्या दोन कॅरव्हॅन शेजारी होत्या, तेव्हा पातळ भिंतीपलीकडून तुझी किटली ऐकू यायची. आता तीच किटली उपग्रहापर्यंत जाऊन माझ्याकडे येते. येते खरी, पण चहा येत नाही, डंकन.

आता वहीतल्या एकमेव खंडाबद्दल. १४ ऑगस्ट, अडुसष्टावा दिवस, अकरा मिनिटं. ती नोंद टॅमसिनने मी पाठवलेल्या फोटोत वाचली आणि ठाम नाही म्हणाली. तिचं चुकलं नाही. अकरा मिनिटांत काय काय होऊ शकतं हे तिने तुझ्या अतिदक्षता विभागाबाहेर बसून पाहिलंय.

त्या दिवशी तू म्हणालास, "वही गेली खड्ड्यात. तू हो म्हण, मी सोमवारी निघतो." आणि चित्र गेलं. नंतर मी कळवलं, झाड आडवं आलं, तू काय म्हणत होतास? तू म्हणालास, काही नाही, नंतर बोलू. तो 'नंतर' आलाच नाही. तीन दिवसांनी मात्र तू सहज विचारलंस, "कसलं झाड होतं गं?" मी म्हटलं, कुलीबा. तू म्हणालास, "बरं."

त्या दिवशी मी बार्कलीच्या पठारावर होते. ते पठार तू सहा वेळा ओलांडलंयस. तिथे शंभर किलोमीटर गवताशिवाय काही उगवत नाही, कुत्र्यालासुद्धा खांब शोधावा लागतो. आमच्या शास्त्रात नसलेल्या वस्तूंची एक ठरलेली यादी आहे: वांझेचा मुलगा, सशाचं शिंग, आकाशातलं फूल. त्यात मी बार्कलीवरचा कुलीबा घातला, आणि तो तू बिनबोभाट मान्य केलास. खोटं पकडूनही माणसाला उघडं न पाडणारं ते 'बरं' महिनाभर माझ्या कानात आहे. दुसऱ्या कोणी टोमणा मारला असता, तर मला कबूल करणं सोपं गेलं असतं.

वायर मी उपटली. माझ्या हाताने, तुझं वाक्य पूर्ण ऐकून. नकोसा होतास म्हणून नव्हे. या देशात डिशचं तोंड दक्षिणेला ठेवावं लागतं, आणि दक्षिण ही यमाची दिशा, असं मी तुला एकदा हसत सांगितलं होतं. त्या क्षणी ते हसू येईना. डोळ्यांसमोर आलं ते एवढंच, की तू रस्त्याकडेला आडवा आहेस, डॉक्टरांचं विमान यायला दोन तास आहेत, इंटरनेट पाचही पट्ट्या दाखवत उत्तम चालू आहे, आणि मला काहीच करता येत नाही. टॅमसिन यंत्राची परीक्षा घेत होती. यंत्र पास झालं, मी घाबरले, आणि माझं नापास होणं मी त्याच्या नावावर टाकलं. सोबत वही पाठवते आहे. ती नोंद खोडली नाही, त्याच ओळीपुढे खरं कारण लिहून सही केली आहे. ती टॅमसिनला दाखव. तिला माझ्यावर ओरडायचं असेल तर पाचच्या वेळी ओरडू दे. मी वायरला हात लावणार नाही. भीती गेलेली नाही, हेही तिला सांग. पण तू नसताना ती कमी होते असं मला वाटलं होतं, आणि ते अनुमान साफ चुकलं. पत्र पोचायला आठ दिवस लागतील. तोवर मी रोजच्यासारखी हवेबद्दल बोलेन, तूही बोल. नंतर मात्र बोलू नकोस, निघ. तू विचारलं होतंस ते मला शब्दन् शब्द ऐकू आलं होतं, आणि उत्तर हो आहे. ये.

तुझीच, आणि यापुढे तुझ्याशी खरंच बोलणारी,
ब्रॉन्विन