बसल्या जागेची खूण

हुफूफ (सौदी अरेबिया), ६ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर ‘मी ठणठणीत आहे’ म्हणून सुटता, म्हणून हे पत्र. मंगळवारचं डायलिसिस बुडवलंत, हे अरविंददादाने सांगितलंय. अहो, मी रोज लोकांना त्याच मशीनला जोडते. मला कुठे फसवता?

आमच्या युनिटमध्ये सध्या एक आजी येते, एल्सी. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली आदिवासी चित्रकार. इथल्या प्रदर्शनासाठी दोन महिने आलीय. कॅनव्हास जमिनीवर पसरून काडीने ठिपके देत बसते. सगळं वरून पाहिल्यासारखं. वर्तुळात वर्तुळ म्हणजे पाणवठा. माणूस म्हणजे नुसता अर्धगोल. वाळूत बसून उठल्यावर मागे राहते ती खूण. आयुष्यभर एकच पाणवठा रंगवतेय, तिच्या वडिलांचा. पण तिथे मशीन नाही, म्हणून किती वर्षं झाली, शहरात अडकलीय. आता पुरे, घरी जाते, म्हणते. मला तर वाटलं, जाऊ द्यावं बिचारीला.

तुम्ही मात्र डायलिसिसची एकही पाळी चुकवायची नाही, सांगून ठेवते! इंद्रनील आणि ओवीचा नमस्कार. माया असू द्या, आणि थोडं ऐकत चला.

तुमची,
स्वप्ना


नाशिक, २८ ऑक्टोबर

चि. सौ. स्वप्नास,
अ. उ. आ.

तुझा दम वाचून हसू आलं. लहानपणी मी तुला भरायचो तो व्याजासकट परत केलास.

पण परक्या बाईला जाऊ द्यावंसं वाटतं आणि बापाला नाही, हा कुठला न्याय गं? मलाही गावी जायचंय. स्वतः खणलेल्या विहिरीचं पाणी इथे आल्यापासून तोंडाला लागलं नाही. इथे तर पाणीसुद्धा तुझी वहिनी पेल्याने मोजून देते. मशीन सोडलं की काय होतं ते ठाऊक आहे मला; तूच समजावलं होतंस. हातावर सुई टोचायला जागा उरली नाही, बाळ. थकलो.

अरविंद म्हणतो, स्वप्ना हो म्हणाली तरच गाडी काढतो. तेव्हा सगळं तुझ्यावर आहे. रागावलीस तरी चालेल, पण लवकर कळव. ओवीला गोड पापा.

तुझे,
बाबा


हुफूफ, १७ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून चिडून चार पानं लिहिली होती. फाडली.

आमची ती आजी गेली. आमच्याच खुर्चीत, मशीन चालू असताना. ती मागच्याच आठवड्यात निघणार होती. आयोजकांनी मला गळ घातली, समारोपापर्यंत थांबव म्हणून. मीच तिला समजावलं, आणखी थोड्याच पाळ्या, मग खुशाल जा. तिने ऐकलं हो माझं. तिची भाची म्हणाली, त्यांच्यात गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, म्हणून लिहीत नाही. चित्राचा एक कोपरा कोरा राहिलाय. तो तिच्या घराण्याबाहेरच्या कुणी भरायचा नसतो.

बाबा, गावी जा. दादाला फोन केलाय, या पत्राचा फोटोही पाठवतेय, पोस्टाची वाट बघायला नको. कफील, म्हणजे इथला माझा मालक, देशाबाहेर जायच्या व्हिसाचं आज करतो, उद्या करतो म्हणतोय. कागद हातात पडला की निघालेच. थांबाल ना? माझ्यावर रागावू नका.

तुमची,
स्वप्ना


मिठबाव, २४ नोव्हेंबर

चि. सौ. स्वप्नास,
अ. उ. आ.

हे पोस्टात टाकत नाही. अरविंदकडे ठेवतोय, आलीस की देईल.

पाय सुजलेत, दम लागतो. पण विहिरीचं पाणी पोटभर प्यायलो. काय गोड लागलं म्हणून सांगू! त्या बाईचं मनाला लावून घेऊ नकोस. मला जाऊ दिलंस, ते तिच्यामुळेच ना?

आणि ऐक, नाव न घेण्याचं आपल्यात नाही हं. माझं दिवसातून दहादा घ्या. नवऱ्याशी भांडताना तर नक्कीच.

काल विहिरीपाशी मातीत बसलो होतो. अरविंदने धरून उठवलं, तेव्हा मागे वळून पाहिलं. अर्धगोल उमटला होता, तू लिहिलं होतंस तसाच. तिथे झाडू फिरवू नका, असं घरात बजावलंय. स्वप्ना येऊन बघेल म्हटलं.

लोभ होता, आहे, मागेही राहील.

तुझे,
बाबा