दम कोंडायचा नाही

२ नोव्हेंबर १९६१
आज पुन्हा द. पाण्यात. (नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही, कागदावर पूर्ण लिहायलाही हात अडखळतो, म्हणून एकच अक्षर.) शेजारच्या पांडूच्या लाँचच्या पंख्यात दोर गुरफटला होता. पाठीवर हवेची बाटली, तोंडात रबर, हातात सुरी. चहा निवायच्या आत काम करून वर. पांडूने सुरमई दिली, चांगली मोठी. मुंबईला बुडालेल्या बोटी काढणाऱ्या कंत्राटदाराकडे द. नोकरीला होता, सोडताना मालकाने हा एवढासा संच दिला. माझ्या शाळेच्या पिशवीहून थोडा जड. वाडीत सगळे 'डबा' म्हणतात.

४ नोव्हेंबर
बाटली भरायला रेवसच्या बोटीने मुंबईला पाठवली. जाऊबाई म्हणतात, "येवरी हवा हाय हिथं, ती चालत न्हाय काय?" द. हसला. मग नीट समजावत बसला. डबा छोटा, पाच-सहा वाव, म्हणजे तीस-पस्तीस फूट पाण्यापर्यंत ठीक. जितकं खोल जाल तितकी हवा भराभर संपते. आणि यात दम कोंडायचा नाही. श्वास चालू ठेवायचा, वर येताना तर सोडतच यायचं, नाहीतर छाती फाटते. जाऊबाईंना काही पटलं नाही. कोळ्याच्या पोराला पाण्यात पहिलं शिकवतात ते 'दम धर'. मलाही तेच शिकवलेलं.

१० नोव्हेंबर
दिवाळीच्या उधाणात भावजींच्या, द.च्या थोरल्या भावाच्या, डोल जाळ्याचा दोर तुटला. खांदेरी बेटाच्या पलीकडे, दहा वाव पाण्यात. जाळं मिळालं, ते ज्याला बांधतात तो तळात रोवलेला खुंट मात्र नुसताच उभा. गळ टाकून चाचपलं, हाती काही लागेना. नवा खुंट आता ठोकता येत नाही. ते हंगामाच्या तोंडावर सगळ्या वाडीने मिळून करायचं काम. आणि जागा रिकामी राहिली की पुढच्या हंगामात दुसरा कोणी तिथे खुंट ठोकतो, त्याला बोलताही येत नाही. आजेसासऱ्यांपासूनची जागा. दोन्ही घरं तिच्यावर जेवतात. माझ्या मास्तरकीत फार तर भाजी येते.
खाली जाऊन कोणीतरी खुंटाला नवा दोर बांधायला हवा. सगळ्यांची नजर डब्यावर.

१२ नोव्हेंबर
भांडण. मी म्हटलं, पाच-सहा वाव, हे तुमच्याच तोंडचं. तर म्हणे, "जायाचं, बांधायचं, यायाचं. किती येल लागतो?" भावजींनी काही मागितलं नाही. तेच जास्त वाईट. थोरल्याने न मागता धाकट्याने द्यायचं, ही या घराची रीत. रागाच्या भरात कालवणात दोनदा मीठ पडलं. सगळ्यांनी मुकाट्याने खाल्लं.

१५ नोव्हेंबर
आज भांग, भरती-ओहोटीला जोर नाही, पाणी संथ. कंबरेला दोर बांधून द. उतरला, दोर भावजींच्या हातात. मी शाळेत पोरींकडून पाढे म्हणून घेत होते. जे कळलं ते असं. तळाला गाळ, हाताला हात दिसेना. खुंट सापडला, पण दोर ओवायच्या आत श्वास जड व्हायला लागला. द. वर निघाला. हवा कमी पडल्याने वरच्यांना बुडबुडे दिसेनासे झाले. भावजी घाबरले आणि जाळं ओढतात तसा सगळा जोर लावून ओढला.
होडीत घेतला तेव्हा तोंडातून रक्त.
अलिबागच्या दवाखान्यात बसून लिहिते आहे. आई एकवीरे, एवढा

१६ नोव्हेंबर
जिवावरचं टळलं. छातीला आतून इजा, डाव्या कानाचा पडदा फाटला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा पाण्याखाली जायचं नाव नको. मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू, आनंदच झाला.
भावजी दवाखान्याच्या पायरीवर. आत यायला तयार नाहीत. "माज्या भावाला मी बोंबलाच्या जाल्यासारखा वढला गो," एवढंच.

२० नोव्हेंबर
घरी आणला. डावीकडून हाक मारली तर वळत नाही.
दुपारी पेज पाजत होते तर म्हणाला, "दादाचा दोष न्हाय. त्यानं वढला तवा मी दम कोंडला. तोंडात रबर व्हतं, थोरी हवा पन व्हती. तरी कोंडला. ल्हानपनची सवय."
म्हटलं, मग सांगा ना त्यांना! ते आतल्या आत झिजतायत.
गप्प. का गप्प, ते मलाही कळलं. भावजींच्या डोक्यावरचं ओझं उतरलं की ते म्हणतील, मग परत जा, या खेपेला मी हळू ओढतो. आणि हा जाईल. डॉक्टर काय म्हणाले ते दारात ठेवून जाईल.
मीही गप्प बसले.

२५ नोव्हेंबर
भावजींनी डबा मागितला. स्वतः उतरणार. "मी बिघरवला, मीच बांधून येतो." बाटली भरायला पुन्हा मुंबईला.

२८ नोव्हेंबर
खाडीत छातीएवढ्या पाण्यात भावजींचा सराव. द. खडकावर बसून ओरडतोय, "सोड दादा, दम सोड!" भावजी दर खेपेला गाल फुगवून वर. जन्मभर ज्याने वाचवलं ते एका दिवसात कसं सुटेल? जाऊबाई शेजारी सुकट पसरत होत्या. विचारलं, "तू मास्तरीन हायस, तुला कलतंय. व्हईल ना गो नीट?" मी म्हटलं, बघू. असलं उत्तर वर्गातल्या पोरींनी दिलं तर मी उभं करते.
सांगितलं तर माझा नवरा उतरणार. नाही सांगितलं तर जाऊबाईंचा. भीती वाटते, आणि त्या भीतीत मी आधी माझ्याच माणसाचा विचार करते, याची लाज वाटते.

३० नोव्हेंबर
पुन्हा भांग. सकाळी सगळे होडी लोटत होते, तिथे मी गेले नि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. ओढल्याने नाही झालं, भावजी, यांनी दम कोंडला म्हणून झालं. मुंबईत शिकलेला माणूस कोंडतो, तर तुम्ही कोंडणारच. कोणीच जाऊ नका. जागा गेली तर जाऊ दे.
भावजी मटकन वाळूत बसले आणि लहान पोरासारखे रडले. जाऊबाई उसळल्या, "जागा गेली तं दोन घरांनी खायाचं काय? तुजं पाढं?"
द.ने माझ्याकडे बघितलं नाही. भावाला हात देऊन उठवलं. दोघांत काही बोलणं झालं, वाऱ्यात मला ऐकू आलं नाही. मग दोघेही होडीत चढले. डबा मधे ठेवला.
शाळेची घंटा केव्हाच झाली असेल. मी किनाऱ्यावरच, वही गुडघ्यावर. होडी लांब गेली आहे, आता माणसं ओळखू येत नाहीत. कोण उतरणार, ते मला कोणी सांगितलं नाही.