डावा कोपरा सॉफ्ट

५ नोव्हेंबर
फोटो क्लबच्या वार्षिक प्रदर्शनाची नोटीस आली. विषय: निसर्ग. यंदा दर्शनी भिंतीवर माझा फोटो लागणार. लागणारच. इतक्या वर्षांत एकदाही निवड झाली नाही, त्याचं कारण आज उमगलं. लेन्स! निसर्ग म्हटलं की सगळे वाइड लेन्स घेऊन धावतात. आभाळ, गवत, कुंपण, कुंपणापलीकडची गाय, सगळं एका फ्रेममध्ये कोंबतात. अडाणी लेकाचे. निसर्ग लांबून, टेलिफोटोने, निवडून घ्यायचा असतो. डोंगरामागे डोंगर, त्यामागे आणखी डोंगर.

६ नोव्हेंबर
दुकानदाराने विचारलं, पक्ष्यांसाठी का? म्हटलं, डोंगरांसाठी. तर म्हणतो, साहेब, डोंगर काय उडून जाणारेत? ही हलकी घ्या. हलकी! मी काय हौशी वाटलो? सगळ्यात जड होती ती घेतली.

७ नोव्हेंबर, सकाळी
टेस्ट केल्याशिवाय लेन्स डोंगरावर नेणार नाही. समोरच्या बिल्डिंगची विटांची भिंत टेस्टला आदर्श. बाल्कनीत ट्रायपॉड लावला. फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून वीटन् वीट तपासली. डावा कोपरा सॉफ्ट! कडा पार विरघळलेल्या. हिला बोलावून दाखवलं. म्हणाली, वीटच दिसतेय की. या बाईबरोबर मी संसार करतो.

१० नोव्हेंबर
लेन्स बदलून आणली. मॉडेल तेच, नग दुसरा. उजवा कोपरा सॉफ्ट.

१४ नोव्हेंबर
तिसरा नग. कोपरे छान, मध्यभाग गचाळ. दुकानदार म्हणे, साहेब, एकदा डोंगराचा तरी काढून बघा. उचलली जीभ, लावली टाळ्याला.
संध्याकाळी साडूचा फोन. त्याचा मोबाइल जुना झाल्यामुळे फोटो चांगले येत नाहीत म्हणे. नाचता येईना अंगण वाकडं!
चौथा नग मागवलाय.

१९ नोव्हेंबर
समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू दारात. आवाज जिनाभर. तुमचे मिस्टर दिवसभर आमच्या बाथरूमच्या खिडकीवर नळकांडं रोखून बसतात, म्हणाल्या. मी शांतपणे खुलासा केला, मला तुमच्यात काडीचा रस नाही, मला फक्त विटांत रस आहे. तर जास्तच भडकल्या. हिने माफी मागितली. मी का मागू?
चौथा नगही गंडलेला.

२३ नोव्हेंबर
क्लबची सगळी टोळी डोंगरावर जाऊन आली. सेक्रेटरीने मलाही विचारलं होतं. (याला आम्ही फिल्टर म्हणतो. फोटोतल्या आभाळाला असलेल्या लालीवर आणखी लाली चढवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.) म्हटलं, लेन्स तयार नाही. तो म्हणाला, सकाळ तर तयार आहे! सगळे फिदीफिदी हसले. हसा. गाढवाला गुळाची चव काय?
आज त्यांचे फोटो बघून मात्र वाईट वाटलं. एकदा, फक्त एकदा त्या भिंतीवर माझा फोटो लागावा. जास्त मागतोय का मी?

२८ नोव्हेंबर
पाचवा नग आणला. आता परत घेणार नाही, असं दुकानदाराने चक्क हात जोडून सांगितलं. धंदा करायची अक्कल नाही. इकडे काकूंनी भिंतीवर वरपासून खालपर्यंत चादरी सोडल्यात. टेस्ट बंद. परवा शेवटची तारीख. उद्या डोंगर. ही पण येते म्हणाली. येऊ दे, ट्रायपॉड उचलायला कोणीतरी हवंच.

२९ नोव्हेंबर
माथ्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. पण न तपासलेली लेन्स डोंगरांवर लावायची? शिस्त म्हणजे शिस्त. समोर कड्याजवळ पाण्याची टाकी होती. विटांची, बिनप्लास्टरची! देवच पावला. टाकीचे भराभर फोटो घेतले. उजेडात स्क्रीन दिसेना, म्हणून डोक्यावरून जॅकेट ओढलं आणि आत ओणवा होऊन वीटन् वीट तपासत राहिलो. ही मागून ओरडत होती, अहो बघा तरी, अहो! माणूस कामात असला की हिला नेमका कंठ फुटतो.
चारही कोपरे खणखणीत! मध्यभाग खणखणीत! शेवटी सापडली. जॅकेट काढलं.
अंधार पडला होता.

३० नोव्हेंबर
टाकीचा फोटो पाठवला. शीर्षक 'मृण्मय'. परीक्षकांना डोळे असतील तर कळेल. वीट म्हणजे तरी शेवटी मातीच, आणि माती म्हणजे निसर्ग.

११ डिसेंबर
निकाल. माझा फोटो 'विषयाला सोडून'. पहिलं बक्षीस आणि दर्शनी भिंत कोणाला? हिला! माझ्या बायकोला! फोटो मोबाइलवर काढलेला. फिल्टरने हिच्या स्टेटसला बघून परस्पर मागवून घेतला. आभाळ केशरी, डोंगरामागे डोंगर जांभळे होत गेलेले, मधोमध एक टाकी, आणि टाकीपुढे डोक्यावर जॅकेट घेऊन ओणवा झालेला एक इसम. शीर्षक 'निसर्गप्रेमी'. मला विचारायचं तरी, असं म्हणालो. तर म्हणाली, हाका मारत होते की.

१३ डिसेंबर
प्रदर्शनाला जाणार नव्हतो. हिने नेलं. दर्शनी भिंतीसमोर ही गर्दी. मोबाइलवर काढलेला फोटो मोठा केल्यावर फाटतोच, ते बघायला मी भिंतीजवळ जाऊन खाली वाकलो. मागून कोणी बाई आनंदाने ओरडल्या, अगं बाई, हेच ते!
क्लबच्या प्रदर्शनात मला कोणी ओळखण्याची ही पहिलीच वेळ.