सोमवारचा रूळ

येडशी, मंगळवार

प्रिय रंजू,

आज सकाळी गुंडाप्पाकाका छोटा हत्ती टेम्पो घेऊन दारात हजर. तू फोन करून सांगितलंस म्हणे, गोठ्यामागचा रूळ उचला आणि भंगारात घाला. तीन वर्षांत कोंबड्यांनी त्याची पार रया घालवलीय, पण मी काही तो उचलू दिला नाही. काका वैतागले. “पोरीनंच सांगितलंय, आता तुला काय त्याची पूजा करायचीय व्हय?” म्हणाले. अव्वानं त्यांना चहावर बसवलं आणि मी इथं वहीचं पान फाडून लिहायला बसलोय.

तुला काकांच्या भट्टीवर तो रूळ बनवतानाचे दिवस आठवतात का? तू शेतकीची पदवी घेऊन संस्थेत नवीनच लागली होतीस. जाड लोखंडी नळा, त्यावर तिरप्या बोथट पट्ट्या. काका धारदार पट्टी बसवायला निघाले तर तू त्यांच्यावर ओरडलीस की देठ कापायचा नाही, नुसता चेपायचा. म्हणजे ताग जागच्या जागी मरेल, जमिनीवर त्याची गादी होईल आणि नांगर न लावता त्यातच हरभरा टोकता येईल. मला तू एकच बजावलं होतंस: दहा झाडं धरायची, पाचांवर फुलं दिसल्याशिवाय रूळ फिरवायचा नाही. धाकट्या बहिणीनं शेती शिकवायची आणि मी मान डोलवायची, हे मला थोडं झोंबलंच होतं. खरं ते लिहितोय.

मग शेतकऱ्यांना रूळ दाखवायच्या मेळाव्यासाठी तू सोमवार ठरवलास. आपल्याकडं सोमवारी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, हे तू शहरात राहून विसरलीस. मी फोनवर सांगायला हवं होतं. पण तुझ्या साहेबांपुढं आपण अडाणी दिसू, याची मला लाज वाटली. शनिवारपासून आठवडाभर मला सासुरवाडीला, आळंदला जायचं होतं. म्हणून मेळाव्याच्या दहा दिवस आधीच, शुक्रवारी, मी बैल जुंपून रूळ फिरवून टाकला. एकाही झाडावर फूल नव्हतं. म्हटलं, दहा दिवसांच्या फरकानं काय आकाश कोसळतंय? लोक आले की आडवा पडलेला ताग बघतील, तूही खूश होशील.

पुढचं तू पाहिलंसच. चाळीस माणसं बांधावर, आणि ताग माना वर करून पिवळा फुललेला. गर्दीतून धनाजी म्हणाला, “ताई, ताग तर दुपारची डुलकी काढून उठला की हो!” सगळे हसले. तू चार देठ हातात धरून पाहिलेस, माझ्याकडं वळलीस आणि विचारलंस, दादा, फुलं आल्यावरच फिरवलास ना?

मी हो म्हणालो.

रंजू, तू माझ्यावर विश्वास ठेवलास. लोकांपुढं उभी राहून म्हणालीस की चूक माझी आहे, रुळाचं वजन कमी पडलं. मी शेजारीच उभा होतो. दुसऱ्या दिवशी अण्णांनी ट्रॅक्टर लावून सगळं नांगरून टाकलं, काकांकडं सांगून ठेवलेले चार रूळ लोकांनी नको म्हटले, आणि तू जेवण तसंच सोडून पुण्याला गेलीस. पुढं तू ते काम सोडून कंपनीत लागलीस, तेव्हा लेकीसाठी अव्वा रडली. मी तिलाच समजावत बसलो. मला स्वतःची शरम वाटते.

यंदा खळ्यामागच्या दहा गुंठ्यांत मी ताग पेरला. अण्णांना म्हटलं, बियाण्यासाठी आहे. म्हणजे आणखी एक खोटं. रोज जाऊन दहा झाडं धरत होतो. पाचांवर फुलं आली त्या गुरुवारी रूळ फिरवला. आज बारा दिवस झाले, एक झाड उठलेलं नाही. गादी तपकिरी पडलीय, खाली हात घातला की माती गार लागते. वजन बरोबर होतं गं. पट्टी बरोबर होती. तू कुठंच चुकली नव्हतीस.

काकांना आत्ता चहा पिताना सांगितलं. ते उठून रुळावरची घाण खरवडत बसलेत. अण्णांना संध्याकाळी सांगेन. येत्या रविवारी त्याच चाळीस जणांना खळ्यावर बोलावलंय, आणि तू आली नाहीस तरी मी त्यांच्यापुढं सगळं बोलणार आहे. तू ये, असं म्हणायला मला तोंड नाही. पण नुसत्या माझ्या शब्दावर तू पुन्हा विश्वास ठेवावास असं वाटत नाही, म्हणून तागाचा एक देठ सोबत ठेवलाय. लांब होता, पाकिटात मावेना. दुमडायला गेलो तर तुझ्या पट्टीनं जिथं चेपला होता, बरोबर तिथंच तो मुकाट्यानं दुमडला.

तुझाच,
मल्लिनाथदादा