परत पाठवा

सोमवार, ३
नोकरी लागली एकदाची! अपघात विभागात नर्स म्हणून आज रुजू झालो. पडदा न सरकवता मला पलीकडचा पेशंट दिसतो, म्हणून सिस्टर मंडळींनी पहिल्याच दिवशी माझं नाव जिराफ ठेवलं. माझ्या डोक्यावर एक खास काम आहे. इथली रक्ताची सॅम्पल फार वाया जातात, ती थांबवायची. घाईघाईत सलाईनच्याच सुईतून सिरिंजने जोरात ओढलं की रक्तपेशी फुटतात, वरचं पिवळं पाणी लाल होतं आणि लॅबवाला फोनवर म्हणतो, खराब आहे, परत पाठवा. मग पेशंटला पुन्हा टोचायचं.

संध्याकाळी आत्याला फोन केला. आईवडिलांच्या मागे तिनेच मला वाढवलं. म्हणाली, सुई बघून पलंगाखाली लपणारा आता लोकांना टोचणार, धन्य आहे. मग बराच वेळ रडली.

शनिवार, ८
सगळ्यांच्या मागे लागून शिकवलं. शीर वेगळी शोधा, दंडाचा पट्टा लवकर सोडा, ट्यूब हलवू नका, नुसती हळूच उलटीसुलटी करा. लॅबवाला खूश आहे. फक्त थोरल्या सिस्टर दाद देत नाहीत. कोपऱ्यातल्या आजोबांचं सॅम्पल त्या औषधाच्या बाटलीसारखं खळखळ हलवत होत्या. जाब विचारला, तर शांतपणे म्हणाल्या, "रिपोर्ट यायचा बाकी असेपर्यंत इथून कुणी जात नाही." निवृत्तीला आल्यात, चालायचंच.

गुरुवार, १३
आजोबांचं रक्त आज मीच घेतलं. सुरेख आलं. लॅबचा फोन आला, रिपोर्ट तयार आहे म्हणाले, आणि मी फोन ठेवेपर्यंत आजोबा गेले. त्यांच्या उशाशी बसलेल्या आजींनी माझे हात धरून विचारलं, आज वेगळं काय केलंत. थोरल्या सिस्टरांनी आजोबांची चादर मला बदलू दिली नाही.

सोमवार, १७
योगायोग म्हणायचं तरी किती वेळा? अत्यवस्थ पेशंट, स्वच्छ सॅम्पल, लॅबचा फोन, आणि — ज्यांचं खराब झालं ते मात्र तग धरून आहेत. मीटिंगमध्ये विभागाच्या साहेबांनी, सॅम्पल वाया जात नाहीत म्हणून, माझी पाठ थोपटली.

मंगळवार, १८
आत्याला आणलं. बाजारात कोसळली. डॉक्टर म्हणाले, फारशी आशा नाही, आधी रक्त पाठवा. मी घेतलं. जिन्याखाली जाऊन ट्यूब हलवली, खांदा भरून येईपर्यंत. लॅबचा फोन आला, परत पाठवा. मी तिथेच खाली बसून आनंदाने रडलो.

शुक्रवार, २१
पुन्हा हलवली. आज दोनदा.
आत्या बोलते, माझी थट्टा करते. पण मनगटाला नाडी लागत नाही. मशीनवरची रेघ सरळ आहे. डॉक्टरांनी मशीन बदललं, तरी सरळच. थोरल्या सिस्टर नवी सुई आणून ठेवतात.

रविवार, २३
तिचे हात गार. कोपरापासून बोटांपर्यंत काळेनिळे. टोचायला जागा —
रक्त येतं अजून. दाट. थंड.
दुखणं मात्र तिचं जात नाही. झोप नाही, क्षणभरही नाही. आज माझी बाही धरून म्हणाली, "पुरे कर रे राजा. तुझ्यासाठी थांबले असते, पण फार दुखतंय."
मला ती हवी आहे. अशीसुद्धा हवी आहे. मी काय करतोय तिचं —

सोमवार, दुपार
घेतलं. हलक्या हाताने. हलवलं नाही.
लॅबला गेलं.
तिचा हात माझ्या हातात आहे, डाव्या हाताने लिहितोय —
विचारतेय, जेवलास का. हो म्हटलं.
फोन वाजतोय. थोरल्या सिस्टर माझ्याकडे बघतायत. मी होकाराची मान डोलावली. त्यांनी उचलला —
आत्या म्हणतेय, खोटं बोलतोस, तोंड किती सुकलंय तुझं, जा आधी दोन घास खा